बोंडापासून बाहीपर्यंत

दिवाळीच्या सुमारास अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या रस्त्यावर सकाळी दोन प्रकारच्या बाया दिसतात. कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला निघालेल्या, आणि डबा घेऊन एमआयडीसीच्या पाळीवर निघालेल्या. पुष्कळदा आई एकीकडे जाते, लेक दुसरीकडे. आईच्या बोटांनी कापूस बोंडातून निघतो, लेकीच्या बोटांनी शर्टाची बाही खांद्याला जोडली जाते. मधलं जवळजवळ सगळं काम यंत्रांकडे गेलं आहे. वऱ्हाडात रोबो काय करणार, हे समजून घ्यायचं तर या दोन टोकांकडे बघायला हवं.

मधला प्रवास आधी पाहू. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. सूतगिरणीत रुईचा पेळू होतो, पेळूला पीळ पडून सूत होतं. रिंग फ्रेमवरची चाती मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेते. भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावणं हे पूर्वी डॉफर पोरांचं काम असे. आता नव्या फ्रेमवर यंत्रच ओळीच्या ओळ उचलतं. पुढे ऑटोकोनर. धावत्या सुताची जाडी तो सतत तपासतो, खराब तुकडा कापतो आणि दोन्ही टोकांचा पीळ हवेच्या झोताने उलगडून ती पुन्हा एकमेकांत वळवतो. गाठ दिसतसुद्धा नाही. हीच गाठ मारायला वायंडिंग खात्यात बाया रांगेने उभ्या असत. एअरजेट मागावर तर धोटाच नाही, आडवा धागा हवेच्या फुंकरीने पलीकडे जातो.

या सगळ्यात माणसासारखं दिसणारं काही नाही. पण स्वतः बघणारं, ठरवणारं आणि दुरुस्त करणारं यंत्र म्हणजे रोबोच. हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या नाटकातून जगभर गेला. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘रोबोटा’चा अर्थ वेठ. आपल्याकडे ज्याला वेठबिगार म्हणतात, नेमका तोच.

नव्या यंत्राची भीती आपल्या भागाला नवी नाही. १ जानेवारी १८७७ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि जमशेटजी टाटांनी तिथे रिंग फ्रेम फार लवकर आणून पाहिली. १९२८ साली मुंबईचे गिरणी कामगार जवळपास सहा महिने संपावर होते. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, ही मालकांची योजना त्या संपाच्या मुळाशी होती. यंत्र आलं म्हणून नव्हे, वाचलेली मजुरी कोणाच्या खिशात जाणार म्हणून ते भांडत होते. तो प्रश्न आजही मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

मग शिलाई माणसाच्या हातात का उरली? कारण कापड लुळं असतं. मोटारीचा पत्रा जिथे ठेवला तिथेच राहतो, म्हणून वेल्डिंग करणारा यांत्रिक हात पन्नास वर्षांपूर्वीच कारखान्यात आला. कापड मात्र उचललं की लोंबतं, आडवं ओढलं तर कमी आणि तिरपं ओढलं तर जास्त ताणतं. थप्पीतून एक उचलायला जावं तर दोन येतात. शिवणारी मुलगी अंगठ्याने चोळून पदर सुटा करते, खालचं कापड किंचित सैल सोडते, वरचं धरून ठेवते. हे ती डोळ्यांपेक्षा बोटांनी करते. २०१६मध्ये अमेरिकेतल्या ‘सिउबो’ने यावर युक्ती काढली. कापड पाण्यात विरघळणाऱ्या द्रवात भिजवून पुठ्ठ्यासारखं ताठ केलं, रोबोकडून टी-शर्ट शिवून घेतला आणि मग धुतला. विणण्याआधी ताण्याला खळ देणाऱ्या कोष्ट्याला ही कल्पना लगेच कळली असती! पण अजून तरी जगातले बहुतेक कपडे माणसाच्या हातूनच शिवले जातात. कापणी, खिसा बसवणं, काजं करणं ही कामं मात्र यंत्रांनी केव्हाच उचलली.

दुसरं टोक वेचणीचं. अमेरिकेत वेचणीयंत्र १९४०च्या दशकात शेतात उतरलं. आपली पऱ्हाटी त्याला जुमानत नाही. झाड पसरतं, बोंडं एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेचण्या कराव्या लागतात. यंत्राला एकाच फेरीत सगळं हवं. त्यासाठी बुटकं झाड, दाट लागवड आणि आधी पानं गाळणारी फवारणी लागते. सघन लागवडीचे प्रयोग अकोल्याच्या परिसरात झाले आहेत. वेचायला माणूस मिळत नाही ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. त्यामुळे हे यंत्र आज ना उद्या येणार असं मला वाटतं.

२० सप्टेंबर २०२४ला वर्ध्याच्या कार्यक्रमातून पंतप्रधानांनी अमरावतीच्या पीएम मित्र या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. सुमारे हजार एकर जागा, शेतापासून परदेशापर्यंतची साखळी एकाच ठिकाणी. देशात असे सात पार्क होणार आहेत आणि प्रत्येकातून एक लाख थेट रोजगार अपेक्षित आहेत. हे रोजगार कोणत्या खात्यात, हे विचारायला हवं. नव्या सूतगिरणीत, विणकामात माणसं थोडी लागतात. लाखाच्या आकड्याजवळ जायचं असेल तर शिलाईचं खातंच वाढलं पाहिजे, आणि त्यातली मुलगी आयुष्यभर एकच शिवण मारत राहता कामा नये. सेन्सर का अडला, सुताची टोकं जोडणारा स्प्लायसर का चुकतोय, हे ओळखणाऱ्या फिटरची नोकरी तिच्यासाठी आयटीआयमध्ये आजपासून तयार व्हायला हवी.

तिच्या आईचं वय पन्नास. ती शिलाईच्या ओळीत जाणार नाही. वेचणीयंत्र गावात भाड्याने फिरेल तेव्हा ते वेचणाऱ्या बायांच्याच बचत गटाच्या मालकीचं असावं. त्यासाठी कर्जाची आणि यंत्र चालवायला शिकवण्याची सोय पहिलं यंत्र शिवारात येण्याआधी करावी लागेल.