टीडीएस मीटरला जे दिसत नाही, ते पाण्यातलं विष कसं मोजतात?

शेगाव : डिसेंबर 2024 च्या शेवटी शेगाव तालुक्यात लोकांचे केस मुठीमुठीनं गळायला लागले. चार दिवसांत टक्कल! पहिला संशय पाण्यावर गेला. आपला हा खारपाणपट्टा, त्यामुळे पाणी तपासलं तर क्षार अन् नायट्रेट जास्त निघालं. पण पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं.

मग हे सेलेनियम सापडतं कसं?

घरोघरी असलेलं टीडीएस मीटर फक्त एकूण विरघळलेले क्षार किती, याचा अंदाज देतं. त्यात सेलेनियम आहे की शिसं, हे ते सांगत नाही. ग्रामपंचायतीच्या साध्या तपासणी किटवर नायट्रेट, फ्लोराईड कळतं, सेलेनियम नाही.

त्यासाठी प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. पाण्याचा बारीक फवारा आरगॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या ज्योतीत सोडतात. पदार्थाचे अणू सुटे होतात, त्यांच्यावर विजेचा भार येतो. मग यंत्र त्यांना वजनाप्रमाणे वेगळं करून मोजतं. चाळणीनं हरभरा अन् तूर वेगळी करावी तसंच, फक्त इथं चाळणी वजनाची. गहू तपासायचा तर आधी तो आम्लात विरघळवतात.

पिण्याच्या पाण्यात सेलेनियमची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. म्हणजे हजार लिटरच्या दोन टाक्यांत मिळून तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाएवढं. एवढं कमी हे यंत्र पकडतं.

कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांत असं यंत्र थेट पाइपलाइनला जोडतात. ठराविक वेळानं ते स्वतःच नमुना घेतं, बिघाड लगेच कळतो. गावात एवढं महाग यंत्र बसणार नाही. पण त्यामागची गोष्ट आपल्या कामाची आहे : पाणी एकदा तपासून भागत नाही. बोअरचं पाणी पावसाळ्यात वेगळं अन् मे महिन्यात वेगळं असतं.

म्हणून पावसाळ्याआधी अन् नंतर, दोन्ही वेळा नमुना द्या. गावातल्या जलसुरक्षकाला विचारा. धातूंची तपासणी हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा, बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. मागचे अहवाल ग्रामसभेत मागा.

अन् एक ध्यानात ठेवा. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, पण धातू अन् नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं.