गोळी चालू असताना केलेली तपासणी

पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली की रक्त पातळ करणारी औषधे सुरू करतात. खरे तर या औषधांनी रक्त पातळ होत नाही. ते गोठायला वेळ लागतो, एवढेच. रुग्ण तरुण असेल, गुठळीचे उघड कारण सापडत नसेल किंवा घरात आणखी कोणाला असा त्रास झालेला असेल, तर आनुवंशिक दोषाची शंका येते. तपासणी करावीशी वाटते. पण ती केव्हा करावी, हा विचार मागे पडतो.

माझ्याकडे तिशीतला एक शेतकरी अहवाल घेऊन आला होता. ‘प्रोटीन सी’ व ‘प्रोटीन एस’ दोन्ही कमी! जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. धाकट्या बहिणीचे लग्न ठरत होते. तिच्यातही हा दोष असेल काय, या काळजीने आई हवालदिल झाली होती. मी विचारले, ‘रक्त दिले तेव्हा कोणती गोळी चालू होती?’ उत्तर आले, ‘वॉर्फरिन.’

इथेच ग्यानबाची मेख आहे. प्रोटीन सी आणि एस ही रक्त गोठण्याला आवर घालणारी प्रथिने. ती तयार होण्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागते. वॉर्फरिन, अ‍ॅसिनोकुमारॉल या गोळ्या त्याच जीवनसत्त्वाचे काम अडवतात. मग प्रथिने कमी दिसणारच! अहवाल खोटा नसतो, पण तो गोळीचा परिणाम सांगतो, आनुवंशिकता नव्हे.

हेपॅरिनच्या इंजेक्शनांमुळे अ‍ॅन्टिथ्रॉम्बिन कमी दिसते. रिव्हॅरोक्सॅबान, अ‍ॅपिक्सॅबान, डॅबिगाट्रान या नव्या गोळ्या तर उलट काही चाचण्यांत आकडे वाढवून खरी कमतरता झाकू शकतात. गुठळी ताजी असतानाही ही प्रथिने घटतात. गरोदरपणात व इस्ट्रोजेनयुक्त संततिनियमनाच्या गोळ्यांमुळे प्रोटीन एस कमी होते.

जनुकांच्या तपासणीचे मात्र तसे नाही. १९९४ साली नेदरलँड्समधील लायडन येथे सापडलेला ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’ आणि १९९६ साली उजेडात आलेला प्रोथ्रॉम्बिनचा दोष, यांची तपासणी गोळी चालू असतानाही करता येते.

त्या शेतकऱ्याची गुठळी पाय प्लॅस्टरमध्ये असताना झाली होती. कारण उघड होते. तपासणीची घाई नव्हतीच. उपचार पूर्ण होऊन गोळी थांबल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले. दोन्ही प्रथिने व्यवस्थित होती.

एक धोक्याची सूचना. हे वाचून तपासणीसाठी कोणीही आपल्या मनाने गोळी बंद करू नये. नवी गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. गोळी थांबवायची की नाही, किती दिवस, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. रक्त देताना चालू औषधांची नावे प्रयोगशाळेला जरूर सांगावीत. आणि एकाच अहवालावरून घराण्यावर दोषाचा शिक्का मारू नये. योग्य वेळी तपासणी पुन्हा करून मगच खात्री करावी.