रद्दीच्या हिशेबात न येणारा निर्णय

जयपूरच्या मालवीय नगरालगत, झालाना डूंगरी भागात राजस्थान राज्य पाठ्यपुस्तक मंडळाचे मुख्यालय आहे. या मंडळाने छापलेले बारावीचे ‘आजादी के बाद का स्वर्णिम भारत’ हे पुस्तक जुलै २०२५ मध्ये, वाटप सुरू असतानाच, बाद ठरविण्यात आले. पुस्तकात काँग्रेस नेत्यांचे गुणगान आहे आणि नरेंद्र मोदी यांच्या कार्याला पुरेसे स्थान नाही, असे कारण शिक्षणमंत्री मदन दिलावर यांनी दिले. तोवर ४ लाख ९० हजार प्रती छापून झाल्या होत्या. त्यांपैकी सुमारे ८० टक्के शाळांकडे रवाना झाल्या होत्या आणि खर्च अडीच कोटी रुपयांच्या घरात गेला होता. विशेष म्हणजे ही छपाई भाजपच्याच राजवटीत झाली होती.

सत्तांतरानंतर छापील मजकूर शिळा होणे राजस्थानला नवे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारी पत्रशीर्षांवर दीनदयाळ उपाध्याय यांचे चित्र सक्तीचे झाले. जानेवारी २०१९ मध्ये काँग्रेस सरकारने ते काढले. त्याच वर्षी पाठ्यपुस्तकांतील सावरकरांवरील मजकूरही बदलला. या वेळी सत्तांतर नव्हते, तरीही पुस्तक बाद झाले, हे अधिक चिंताजनक आहे.

बाद साहित्याचे काय करायचे, हे नियमांत स्पष्ट आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतील (२०१७) नियम २१७ नुसार वस्तू अतिरिक्त वा कालबाह्य ठरविताना कारणे नोंदवावी लागतात. त्यानंतर समिती, मूल्यनिश्चिती, लिलाव आणि निर्लेखन. राज्यांची नियमावली वेगळी असली तरी वाट साधारण हीच. मात्र वस्तू निरुपयोगी झाल्यावरच ही वाट सुरू होते. ती छापण्याचा आदेश कोणी, कोणत्या तपासणीनंतर दिला, हे डेडस्टॉकच्या नोंदवहीत येत नाही. लिलावात रद्दीचा भाव मिळतो आणि फाइल बंद होते.

केंद्राने काही बाबतींत छपाईच आवरली. १ ऑक्टोबर २०१५ पासून राजपत्र केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघते; सप्टेंबर २०२० मध्ये दिनदर्शिका व डायऱ्यांची छपाई थांबविण्यात आली. परंतु खेड्यातील विद्यार्थ्याच्या हाती पुस्तकच द्यावे लागते. तेथे हा उपाय चालत नाही.

महाराष्ट्रात याची उलट बाजू दिसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन व भाषणांच्या खंडांना सतत मागणी असताना छपाई रखडली आणि त्यासाठी घेतलेला कोट्यवधींचा कागद पडून राहिला. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. एकीकडे वाचकाविना पुस्तके, दुसरीकडे पुस्तकांविना वाचक. दोन्हीकडे पैसा मात्र करदात्याचा.

उपाय अवघड नाहीत. छपाईपूर्वी मजकुराला अंतिम मान्यता देणाऱ्याची सही आणि जबाबदारी निश्चित असावी. पुस्तक मागे घेताना त्याची कारणे, प्रतींची संख्या व झालेला खर्च विधिमंडळासमोर यावा. आणि लगद्यासाठी गठ्ठे बांधण्यापूर्वी काही प्रती ग्रंथालयांत जपल्या जाव्यात, कारण सरकारने एकेकाळी काय शिकवायचे ठरविले होते, हाही इतिहासच आहे. गोदाम रिकामे करणे भांडारपालाचे काम आहे. ते का भरले, याचे उत्तर मात्र मंत्रालयानेच द्यायला हवे.