बार्सिलोना नगरी आणि पिकासो संग्रहालय

थोर कलावंताच्या नावाने संग्रहालय उभारले जाणे, ही नवलाची गोष्ट नव्हे. परंतु ज्या संग्रहालयास कलावंताने स्वतःच्या शेकडो कृती अर्पण कराव्यात आणि त्याचा उंबरठा मात्र कधीच ओलांडू नये, असे उदाहरण विरळाच. स्पेनमधील बार्सिलोना येथील पिकासो संग्रहालयाची कथा अशी आहे.

पाब्लो पिकासोचा जन्म १८८१ साली मालागा येथे झाला. चित्रकला-शिक्षक असलेल्या वडिलांची १८९५ साली बार्सिलोनाच्या कलाशाळेत नेमणूक झाली आणि लहानगा पाब्लोही त्या शाळेत दाखल झाला. ‘चार मांजरे’ या अर्थाचे नाव असलेल्या तेथील एका उपाहारगृहात तरुण कलावंतांची बैठक जमत असे. तेथेच १९०० साली त्याच्या चित्रांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. १९०४ मध्ये तो पॅरिसला स्थायिक झाला. परंतु त्याची जडणघडण झाली ती बार्सिलोनातच.

१९३४ नंतर पिकासो मायदेशी परतला नाही. यादवी युद्धानंतर १९३९ मध्ये जनरल फ्रँकोची हुकूमशाही स्थिरावली आणि ती असेतो स्पेनमध्ये पाऊल ठेवायचे नाही, हा त्याचा निर्धार होता. अशा काळात तरुणपणापासूनचा त्याचा मित्र व पुढे सचिव झालेला जाउमे साबार्तेस याने आपला चित्रसंग्रह शहराला दिला. नगरपालिकेने माँटकाडा मार्गावरील एका मध्ययुगीन वाड्यात त्याची मांडणी केली व १९६३ साली संग्रहालय खुले झाले. मात्र पिकासो हा राजवटीचा उघड विरोधक असल्याने प्रारंभी ते ‘साबार्तेस संग्रह’ या नावानेच ओळखले जाई.

साबार्तेसचे १९६८ साली निधन झाले. त्याच्या स्मरणार्थ पिकासोने सतराव्या शतकातील चित्रकार वेलास्केस याच्या ‘लास मेनिनास’ या चित्रावरून १९५७ मध्ये रंगविलेली ५८ चित्रांची मालिका संग्रहालयास दिली. १९७० साली, बार्सिलोनातील आप्तांनी जपून ठेवलेली बालपणीची व तरुणपणीची नऊशेहून अधिक चित्रे व रेखाटनेही त्याने देऊन टाकली. शालेय पाठ्यपुस्तकाच्या पानांवर काढलेली रेखाचित्रे येथे आहेत, तसेच १८९७ सालचे ‘विज्ञान आणि सेवाभाव’ हे मोठे तैलचित्रही आहे. रुग्णशय्येशेजारी बसलेल्या त्यातील डॉक्टरसाठी नमुना म्हणून वडीलच बसले होते. पुढे रूढ रूपे मोडणाऱ्या या कलावंताने ती आधी किती परिश्रमपूर्वक आत्मसात केली होती, हे शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी येथे आवर्जून पाहावे.

पिकासो १९७३ साली फ्रान्समध्ये निवर्तला. फ्रँकोचा मृत्यू १९७५ मध्ये झाला. दोन वर्षांच्या या अंतराने कलावंताची आणि त्याच्या नगरीची भेट कायमची हुकली. तरीही एका मित्राची निष्ठा, कुटुंबाने जपलेले कागद आणि नगरपालिकेने दिलेले छत्र यांमुळे त्याचे घडण्याचे दिवस बार्सिलोनातच राहिले. एखाद्या गावाने आपल्या माणसाची आठवण जपणे म्हणजे काय, हे त्यावरून उमगते.