अडीच छटाकांचा प्रवासी आणि घरकोंबडा देवमासा

नोव्हेंबर सरता सरता चिंचवडच्या आकाशातील घिरट्यांकडे बोट दाखवून 'हे पाहा, सैबेरियाचे पाहुणे आले' असे ठासून सांगणारे गृहस्थ हल्ली भेटू लागले आहेत. परंतु मोशीच्या कचरा डेपोवर बाराही महिने मुक्काम ठोकून असलेली ती आपली घार होय. खरा पाहुणा, म्हणजे अमूर ससाणा, पाहावयाचा तर लोकलने तासाभरावरील लोणावळ्याचा परिसर गाठावा लागतो. ससाणा म्हटला की कबुतरावरची झडप डोळ्यांपुढे येते. याची भिस्त मात्र मुख्यत्वे वाळवी, चतुर अशा कीटकांवर. समुद्रातील गैरसमजांची गतही तीच; 'देवमासा' या नावाने तर भाषेनेच घोटाळा करून ठेवला आहे, कारण फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि पिल्लांना दूध पाजणारा हा प्राणी मुळी मासाच नव्हे.

पण खरा गैरसमज आकारमानाविषयीचा आहे. जेमतेम अडीच छटाक वजनाच्या पाखराला समुद्र कसा ओलांडवेल, आणि चाकणच्या रस्त्यावरील भरल्या मालमोटारीइतक्या, सुमारे तीस टनांच्या हम्पबॅक देवमाशाला कोणती सरहद्द अडवील, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. नागालँडहून निघालेला अमूर ससाणा ईशान्येच्या वाऱ्याला पाठीशी घेऊन सुमारे 3000 किलोमीटरांचा अरबी समुद्र अहोरात्र उडत पार करतो व आफ्रिका गाठतो. इतर महासागरांतील हम्पबॅक उन्हाळी चरण्यासाठी ध्रुवांकडे आणि हिवाळी विणीसाठी उष्ण कटिबंधाकडे जातात खरे. परंतु अरबी समुद्रातील त्यांचे भाऊबंद ही येरझार करीत नाहीत, कारण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याशी तळाचे सकस पाणी वर येते आणि अन्न घरबसल्या मिळते. म्हणजे एकाला वारा वाहून नेतो, दुसऱ्याला वारा घरी पोसतो!

घरकोंबडा म्हणजे खिळलेला मात्र नव्हे. 2017 साली ओमानजवळ उपग्रहयंत्र लावलेली 'लुबान' नावाची मादी (आपल्या लोबानाचेच हे अरबी रूप) गोव्यासमोरच्या समुद्रापर्यंत येऊन गेली, पण ध्रुवाकडे काही ती वळली नाही.

तेव्हा येथील देवमासे घटले तरी दुसऱ्या महासागरांतून भर पडेल, हा भरवसाही व्यर्थ आहे. 1965 व 1966 मध्ये सोव्हिएत शिकारी जहाजांनी या समुद्रात 242 हम्पबॅक मारले; ओमानच्या किनाऱ्याशी आज शंभरांहूनही कमी उरले असावेत, असा अंदाज आहे.