रिपोर्ट आधी तिचा येतो

मागचा भाग ऐकायचा राहिला असेल त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. बोलले तसंच ठेवलंय.

सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात मी काही वर्षं समुपदेशक होते. गरोदर बाईचं नाव नोंदवलं की हिमोग्लोबिन, लघवी यांच्याबरोबर एचआयव्हीचीही तपासणी होते. ती आजारी दिसते म्हणून नाही, पोटात बाळ आहे म्हणून. त्यामुळे घरातली पहिली तपासणी बहुतेक वेळा तिचीच असते.

आणि खरी गोची इथंच आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरचे म्हणतात, "हिनंच आणलं." अहो, आधी सापडलं म्हणजे आधी लागण झाली असं नाही! लागण कधी झाली, कुणाकडून झाली, हे त्या कागदावर नसतंच. पण पंचविशीतली एक मुलगी माझ्यासमोर बसून सांगत राहिली, "मॅडम, मी लग्नाआधी गाव सोडून कुठं गेलेच नाही हो." मी काही विचारलंच नव्हतं. तिची साक्ष आधीच सुरू झाली होती. नवऱ्याला तपासणीला बोलावलं, तर तो तीन वेळा आलाच नाही.

स्वतःचं काय होईल, हे ती शेवटी विचारते. आधी विचारते, "बाळाला झालं का?" उत्तर दिलासा देणारं आहे. उपचार नसतील तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईनं एआरटीच्या गोळ्या वेळेत सुरू करून रोज घेतल्या, बाळाला जन्मल्यावर औषध दिलं, तर हे प्रमाण ५ च्या खाली येतं. गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. घ्यायच्या मात्र जन्मभर.

पण आकडा कळला म्हणून भीती जात नाही. डॉक्टर सांगतात, गोळ्या चालू ठेव, सहा महिने फक्त अंगावरचं पाज, वरचं दूध मध्येच देऊ नको. ती पाजते, आणि दर वेळी मनात येतं, आपणच तर देत नाही ना याला? गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवते. सासूनं विचारलं तर "रक्तवाढीच्या आहेत." २०१७ च्या कायद्यानुसार तिच्या संमतीशिवाय तिचा रिपोर्ट सासूला सांगता येत नाही. पण डबा तर सासूही उघडते.

बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते, पक्कं उत्तर मात्र १८ महिन्यांनी. ती मुलगी आली तेव्हा पोरगं माझ्या टेबलावरचा स्टेपलर ओढत होतं. रिपोर्ट निगेटिव्ह. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मॅडम, याची झेरॉक्स मिळेल? हा कागद घरी दाखवता येईल."

काही विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे पडत नाहीत.