टाळ्या दिल्या, म्हातारपणाचं काय?

पाडवा जवळ आला की गावोगावी जत्रेची वर्गणी सुरू होते. पंचमंडळी गाडी करून नारायणगाव गाठतात. जुन्नर तालुक्यातल्या या गावात पुणे-नाशिक रस्त्यालगत फडमालकांच्या राहुट्या लागलेल्या असतात. तिथं घासाघीस होते, तारीख ठरते, सुपारी दिली जाते. तुमच्यापैकी अनेकांनी हा व्यवहार केलेला असेल. या नारायणगावचं नाव ज्या बाईनं महाराष्ट्रभर गाजवलं, त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची आठवण सुपारी देताना तरी ठेवायला हवी.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपूरचा. आजोबा नारायण खुडे हे शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे. तमाशाचा फड त्यांनीच उभा केला. पुढं वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो चालवला. लहानपणापासून विठाबाईंच्या कानावर लावणी, गवळण आणि ढोलकीच पडली. गळा आणि पाय दोन्ही तयार. गण, गवळण, बतावणी आणि वग असा रात्रभराचा खेळ त्या अंगावर घेत. १९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांच्या कलेची दखल राष्ट्रपती पुरस्कारानं घेतली गेली.

त्यांची एक हकिकत जुनी माणसं अजून सांगतात. दिवस भरलेले असताना विठाबाई बोर्डावर उभ्या होत्या. खेळ चालू असतानाच कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा लोकांसमोर आल्या. पब्लिकला हे कळलं तेव्हा लोकांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. ऐकणारा म्हणतो, काय हिंमत! हिंमत होतीच. पण ओली बाळंतीण परत बोर्डावर का येते, हेही जरा विचारा.

याचं उत्तर फडाच्या हिशेबात आहे. फड म्हणजे फिरतं गावच. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणं धरणारा झीलकरी, सोंगाड्या, तंबू ठोकणारे बिगारी, आचारी, ड्रायव्हर, सगळ्यांची चूल एका खेळावर पेटते. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या आसपास परततो. पावसाळ्यात हात रिकामे. मग हंगामाआधी कलाकार मालकाकडून उचल घेतो आणि मालक सावकाराकडून. ऊसतोडीच्या टोळ्यांची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तमाशाचं पोट तुमच्या शिवाराला बांधलेलं आहे. पाऊस चांगला झाला, पिकाला भाव मिळाला, तर जत्रेत फड येतो. दुष्काळ पडला की जत्रा साधेपणानं करायचं ठरतं आणि पहिली काट तमाशाला लागते. फडावरचं कर्ज मात्र तसंच राहतं. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळं जत्रा बंद राहिल्या. हाताशी आलेले दोन हंगाम गेले आणि फडमालक पार खचले.

विठाबाईंचंही तेच झालं. ज्यांच्या नावावर तंबू भरत, त्यांना अखेरच्या काळात पैशाची ओढाताण सोसावी लागली. दवाखान्याचा खर्च लोकांच्या मदतीतून भागवावा लागला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. पुढं २००६ साली राज्य सरकारनं त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. चांगलंच झालं. पण पुरस्कार वर्षाला एखाद्यालाच मिळतो. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्याचं काय?

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी इथं लक्ष घालावं. वृद्ध कलावंतांसाठी सरकारची मानधन योजना आहे. ती आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालते आणि २०२४ पासून महिना ५,००० रुपये मानधन ठरलं आहे. वयाची पन्नाशी आणि किमान १५ वर्षांची कलासेवा लागते, उत्पन्नाची अटही आहे. कलावंत गेल्यावर मागं राहिलेल्या जोडीदाराला ते मिळू शकतं. अडतं ते कागदावर. आयुष्यभर हलगी वाजवणाऱ्यानं कुठली पावती जपून ठेवलेली असणार? गावोगाव फिरणाऱ्याकडं उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक तरी धड असतं का? जत्रा कमिटीच्या जुन्या वह्या, सुपारीच्या चिठ्ठ्या, छापील हँडबिलं आणि फोटो शोधून काढलेत तर त्याच्या अर्जाला आधार मिळेल.

सनईवाला असो, गोंधळी असो की वाघ्या-मुरळी, येत्या ग्रामसभेत अशांची यादी करा आणि अर्ज भरून द्या. पंचांनीही एक पथ्य पाळावं. ठरलेली रक्कम खेळ संपताच हातात द्यावी, कलाकारांना पाणी, जेवण आणि बायांना कपडे बदलायला आडोशाची जागा द्यावी. विठाबाईंना हार घालायचा असेल तर तो असा घाला.